लाइट गेली तरी लॉग राहिला पाहिजे

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पुढे वादळी वारे सुटले की रावेर-यावलच्या केळीबागांबरोबर विजेचे खांब आणि ताराही आडव्या होतात. धुळ्याकडे चित्र फार वेगळं नसतं. या दिवसांत पतसंस्था, महाविद्यालय, दवाखाना, डाळमिल, जिनिंग अशा कुठल्याही ठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘रात्री सर्व्हर बंद का झाला होता?’ उत्तर तीनपैकी एक असतं. वीज गेली, कुणीतरी बंद केला, किंवा तो आतूनच कोसळला. तिन्हींवरचे उपाय वेगळे, जबाबदारी वेगळी आणि खर्चही वेगळा. कोणतं उत्तर खरं हे फक्त लॉग सांगू शकतो, आणि बंद होतानाच्या व सुरू होतानाच्या त्या काही मिनिटांतलाच लॉग सगळ्यांत आधी हरवतो.

हा प्रश्न केवळ छोट्या कार्यालयांचा नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातली वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. आपल्या एका खोलीतल्या सर्व्हरबाबत असा वाद उभा राहिला, तर तो मिटवायला यंत्राचं लिखाण हाताशी असायला हवं.

आता कायदाही त्याच बाजूला आहे. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सरकारी संस्था, डेटा सेंटर आणि सेवा पुरवठादार यांनी आपल्या सर्व प्रणालींचे लॉग सुरू ठेवायचे, मागच्या १८० दिवसांचे जपायचे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. सहा तास म्हणजे फार थोडा वेळ. त्यात ‘तेवढा अर्धा तास लॉगमध्ये नाही’ असं लिहून द्यायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हा लेख. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना त्यांचं मूळ स्पेलिंग वापरावं.

आधी आपल्याच डिस्कवर

आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर सिस्टमडी असतं आणि त्यातला जर्नलडी नोंदी ठेवतो. यंत्र सुरू झाल्यावर तो फार लवकर जागा होतो. त्याच्याही आधी कर्नल स्वतःच्या मेमरीतल्या बफरमध्ये लिहीत असतो. जर्नलडी आला की तो मजकूर उचलून घेतो. इथपर्यंत सारं काही मेमरीत, म्हणजे ‘/रन/लॉग/जर्नल’ मध्ये असतं. डिस्क लिहिण्याजोगी झाली की या नोंदी ‘/व्हार/लॉग/जर्नल’ मध्ये जातात. ‘स्टोरेज’ची सेटिंग ‘ऑटो’ असेल, तर ही दुसरी डिरेक्टरी आधीपासून हजर असेल तेव्हाच हे घडतं. नसेल, तर जर्नल मेमरीतच राहतं आणि रीस्टार्ट होताच पुसलं जातं. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर ही डिरेक्टरी बरेचदा मुळात नसते. म्हणून पहिलं काम : ‘जर्नलडी डॉट कॉन्फ’ मध्ये ‘स्टोरेज=पर्सिस्टंट’ करा, जर्नलडी रीस्टार्ट करा आणि एकदा मशीन रीबूट करून ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ चालवा. यादीत एकच बूट दिसला तर काम झालेलं नाही.

दुसरी गोष्ट फारसं कुणी पाहत नाही. जर्नलडी प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करत नाही. अतिगंभीर पातळीचे संदेश तो ताबडतोब लिहून टाकतो, पण साध्या नोंदींसाठी ‘सिंक-इंटरव्हल-सेक’ची मूळ मर्यादा ५ मिनिटांची आहे. खटकन लाइट गेली, तर शेवटच्या पाच मिनिटांपर्यंतचा लॉग जाऊ शकतो, आणि आपल्याला नेमकी तीच पाच मिनिटं हवी असतात. हा आकडा ३० सेकंदांवर आणावा असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या कार्यालयीन सर्व्हरवर डिस्कवरचा भार त्याने जाणवण्याइतका वाढत नाही.

तिसरी बाब जागेची. जर्नल त्या डिस्क-विभागाच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढतं, मग जुनं पुसू लागतं. तुमच्या सर्व्हरचं जर्नल रोज ५०० एमबी भरत असेल, तर ४ जीबीत जेमतेम ८ दिवस मावतील. १८० दिवसांना ९० जीबी लागतील. एवढा साठा प्रत्येक सर्व्हरवर ठेवण्यापेक्षा तो मध्यवर्ती लॉग-सर्व्हरवर ठेवावा आणि स्थानिक जर्नलला दोन-तीन आठवड्यांची जागा ‘सिस्टम-मॅक्स-यूज’ने ठरवून द्यावी.

‘/व्हार’ वेगळ्या विभागावर असेल, तर आणखी एक खाचखळगा आहे. शटडाउनच्या शेवटी हा विभाग अनमाउंट होतो, त्याआधी जर्नलडी तिथली फाइल सोडतो आणि पुढचं पुन्हा मेमरीत लिहितो. तो शेवटचा तुकडा डिस्कवर येतच नाही. बंद होताना अडकणाऱ्या सर्व्हरचा तपास याच तुकड्यात लपलेला असतो. अशा वेळी कर्नल पॅरामीटरमध्ये ‘सिस्टमडी डॉट लॉग-लेव्हल=डीबग’ आणि ‘सिस्टमडी डॉट लॉग-टार्गेट=केएमएसजी’ देऊन, शिवाय ‘सिस्टम-शटडाउन’ डिरेक्टरीत एक छोटी स्क्रिप्ट ठेवून कर्नलचा बफर अगदी शेवटच्या क्षणी मूळ डिस्कवर उतरवता येतो. हा तात्पुरता तपासाचा उपाय आहे. दोष सापडला की काढून टाकावा.

क्रमाचा प्रश्न

दूरच्या लॉग-सर्व्हरकडे नोंदी पाठवायला बहुतेक जण आरसिस्लॉग वापरतात. जर्मनीतल्या राइनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्याआधीचं मूळ सिस्लॉग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेलप्रणालीसाठी लिहिलं होतं. ते पुढे जगभर पसरलं आणि त्याच्यासोबत यूडीपीने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवून मोकळं होण्याची पद्धतही पसरली. यूडीपीत पोचपावती नसते. समोरचा बंद असेल, मधला स्विच अजून तयार नसेल, तर संदेश गेला आणि कुणाला कळलंही नाही.

सिस्टमडीत सेवा सुरू करण्याचा जो क्रम ठरतो, बंद करताना बरोबर त्याच्या उलटा क्रम लागतो. या एका नियमावर निम्मं काम होतं. आरसिस्लॉगच्या युनिटमध्ये ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्ही ओळींत ‘नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट’ लिहिलं, की सुरुवातीला तो नेटवर्कची वाट पाहतो आणि शेवटी नेटवर्क जाण्याआधी थांबतो. काही वितरणांत या ओळी आधीच असतात, काहींत नसतात. ‘सिस्टमसीटीएल कॅट’ने पाहून घ्या. बदल मूळ फाइलमध्ये करू नका, ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने वेगळी पुरवणी जोडा, म्हणजे अपडेटमध्ये तो पुसला जाणार नाही.

पण तेवढ्याने भागत नाही. शटडाउनचा आदेश मिळाला की ज्या सेवांमध्ये क्रम ठरलेला नाही त्या सगळ्या एकाच वेळी बंद होऊ लागतात. आरसिस्लॉग क्षणात थांबतो. डेटाबेसला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात, आणि त्या दोन-तीन मिनिटांत तो जे काही सांगतो ते दूरच्या सर्व्हरपर्यंत त्या वेळी पोचत नाही. घरात दिवा आधी लागावा आणि शेवटी मालवावा, तसं लॉग पाठवणाऱ्याचं असायला हवं. त्यासाठी डेटाबेस, कोअर बँकिंगचं ॲप्लिकेशन, रुग्णालयाची प्रणाली अशा महत्त्वाच्या प्रत्येक सेवेच्या पुरवणीत ‘आफ्टर=आरसिस्लॉग डॉट सर्व्हिस’ ही ओळ टाका. फक्त ‘आफ्टर’. उत्साहाच्या भरात ‘रिक्वायर्स’ टाकू नका. तसं केलं तर लॉगची सेवा सुरूच होऊ शकली नाही किंवा कुणी थांबवली, की डेटाबेसही खाली बसेल, आणि सोमवारी सकाळी काउंटरसमोर रांग लागलेली असताना हे व्हायला नको.

एवढं करूनही काही ओळी मागे राहतातच. त्यांच्यासाठी आरसिस्लॉगने नोंदी ‘आयएमजर्नल’ या मॉड्यूलने घ्याव्यात. आपण कुठपर्यंत वाचलं याची खूण ते एका स्टेट फाइलमध्ये ठेवतं. पुढच्या बूटनंतर ते त्या खुणेपासून वाचू लागतं आणि मागच्या शटडाउनच्या राहिलेल्या ओळी उशिरा का होईना, लॉग-सर्व्हरवर पोचवतं. अर्थात जर्नल डिस्कवर असेल तरच. म्हणून स्थानिक साठ्याचं काम आधी सांगितलं. सॉकेटवरून नोंदी घेणाऱ्या रचनेत, आरसिस्लॉग थांबल्यानंतरच्या ओळी त्याच्या हाती कधीच लागत नाहीत.

आता वाटेतला भाग. साधं टीसीपी यूडीपीपेक्षा बरं, पण तेही पूर्ण खात्रीचं नाही. पाठवणाऱ्याच्या यंत्राने मजकूर आपल्या बफरमध्ये घेतला की आरसिस्लॉगला वाटतं काम झालं; समोरचा त्याच क्षणी कोसळला तर बफरमधलं सगळं वाया जातं. आरईएलपी या प्रोटोकॉलमध्ये समोरचा आरसिस्लॉग प्रत्येक संदेशाची पावती देतो, पावती आली नाही तर संदेश पुन्हा जातो. क्वचित एखादी ओळ दोनदा येईल, ते चालतं. जळगावच्या मुख्य कार्यालयातून धुळ्याच्या शाखेकडे, म्हणजे सुमारे ९० किलोमीटरवर, इंटरनेटमार्गे लॉग जात असतील तर टीएलएसचं कूटलेखन हवंच. लॉगमध्ये खातेदारांची नावं आणि वापरकर्त्यांची ओळख असते. अशी दोन गावांतली अदलाबदल मला फार शहाणपणाची वाटते. एका गावची वीज गेली, आग लागली, चोरी झाली, तरी दुसऱ्या गावात प्रत राहते. हल्लेखोराने एका सर्व्हरवर ताबा मिळवून तिथले लॉग पुसले, तरी दुसरीकडचे त्याच्या हाती लागत नाहीत. मात्र लॉग-सर्व्हरचा पासवर्ड वेगळा हवा.

महामार्गाच्या कामात फायबर तुटला, तर काय होईल? त्यासाठी ‘पाठवा’ या कृतीला स्वतःची वेगळी रांग द्या : ‘क्यू डॉट टाइप=लिंक्डलिस्ट’, सोबत ‘क्यू डॉट फाइलनेम’ म्हणजे मेमरी भरली की रांग डिस्कवर उतरेल, ‘क्यू डॉट मॅक्सडिस्कस्पेस’ला तुमच्या डिस्कला झेपेल एवढी मर्यादा, ‘ॲक्शन डॉट रिझ्यूम-रिट्राय-काउंट=वजा एक’ म्हणजे कंटाळून सोडून देऊ नको, आणि ‘क्यू डॉट सेव्ह-ऑन-शटडाउन=ऑन’. ही शेवटची सेटिंग विसरली, तर लाइन बंद असताना सर्व्हर शटडाउन केला की मेमरीत उरलेल्या ओळी तिथेच संपतात. वेगळी रांग नसेल, तर दूरचा सर्व्हर बंद पडल्यावर मुख्य रांगच तुंबते आणि स्थानिक फाइलमध्ये लिहिणंही थांबतं. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घ्यायची गरज नाही.

सुरुवातीच्या क्षणांसाठी आणखी तीन बारीक गोष्टी. लॉग-सर्व्हरचा पत्ता नावाने न देता आयपीने द्या किंवा ‘होस्ट्स’ फाइलमध्ये नोंदवा, कारण बूट होताना डीएनएस जागा असेलच असं नाही. सर्व्हरला स्थिर आयपी द्या. आणि स्विचच्या पोर्टवर जुना स्पॅनिंग-ट्री चालू असेल, तर केबल जोडल्यावरही ते पोर्ट ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ अशी ३० सेकंदं काहीच पुढे सोडत नाही. सर्व्हरला मात्र वाटतं नेटवर्क आलं. सर्व्हरच्या पोर्टला ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ लावून घ्या.

यूपीएस आणि स्विच

आपल्याकडे सर्व्हर यूपीएसवर असतो, पण त्याला जोडलेला स्विच आणि राउटर साध्या बोर्डावर असतात. लाइट गेली की सर्व्हर शांतपणे शटडाउन होतो, निरोपही लिहितो, पण तो जायला वाट नसते. दहा-पंधरा वॉटचा स्विच यूपीएसवर घेतल्याने बॅकअप फारसा कमी होत नाही. हे आजच करावं.

यूपीएसला यूएसबीने जोडून एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी बसवा, म्हणजे ‘वीज गेली’, ‘बॅटरीवर’, ‘बॅटरी कमी’, ‘शटडाउन सुरू’ हे टप्पे वेळेसह लॉगमध्ये येतात. सुरुवातीला सांगितलेल्या तीन उत्तरांपैकी पहिलं उत्तर इथेच पुराव्यासह मिळतं. शटडाउनचा आदेश कधी द्यायचा, हे तुमच्या सर्वांत संथ सेवेला किती वेळ लागतो ते मोजून ठरवा. सिस्टमडी एखादी सेवा थांबण्यासाठी सहसा ९० सेकंद थांबतं आणि मग ती मारून टाकतं; डेटाबेसला अधिक वेळ लागत असेल तर त्याची मर्यादा वाढवा, आणि बॅटरी त्यालाही पुरली पाहिजे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. एसी नसलेल्या खोलीत, खानदेशच्या उन्हाळ्यात, कागदावरचा २० मिनिटांचा बॅकअप दुसऱ्याच वर्षी भलताच कमी निघू शकतो.

कोसळणारं यंत्र निरोप देत नाही

कर्नल पॅनिक झाला की जर्नलडी आणि आरसिस्लॉग दोघंही मुके होतात. त्या वेळी तीन मार्ग उरतात. नेटकॉन्सोल हे कर्नलचंच मॉड्यूल आपले संदेश थेट यूडीपीने शेजारच्या यंत्राकडे फेकतं. इथे पावती नाही, पण कोसळत्या कर्नलकडून यापेक्षा जास्त मागता येत नाही. ते फक्त आतल्या, विश्वासाच्या नेटवर्कवर वापरावं. दुसरा मार्ग पीस्टोर. यंत्राच्या फर्मवेअरच्या कायम मेमरीत कर्नल शेवटच्या ओळी ठेवतो आणि पुढच्या बूटला त्या ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर’ मध्ये सापडतात. तिसरा म्हणजे चांगल्या सर्व्हरमधला बीएमसी, जो मुख्य यंत्र बंद असतानाही जागा असतो. तापमान, पंखे, वीजपुरवठा यांच्या घटनांची वेगळी यादी त्याच्याकडे असते. उन्हाळ्यात तापून बंद पडलेल्या सर्व्हरचं निदान पुष्कळदा या यादीतच सापडतं.

घड्याळाकडेही पाहा. मदरबोर्डवरची छोटी सीआर२०३२ बॅटरी संपली असेल, तर लाइट आल्यावर सर्व्हर भलत्याच तारखेने उठतो आणि सुरुवातीच्या ओळींवर तीच तारीख पडते. ती बॅटरी बदला. क्रोनी बसवून ‘समय१ डॉट एनआयसी डॉट इन’ आणि ‘समय२ डॉट एनआयसी डॉट इन’ यांच्याशी वेळ जुळवा. सीईआरटी-इनच्या निर्देशांतही एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. लॉगमधल्या वेळेवर वर्ष आणि ‘+०५:३०’ हा फरक छापला जाईल असा साचा आरसिस्लॉगमध्ये निवडा. तरीही शंका आली तर जर्नलमधला बूट-क्रमांक आणि बूटपासून मोजलेला वेळ यांवर विसंबा. घड्याळ चुकलं तरी ओळींचा क्रम त्यावरून लागतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत टॅली आणि हिशेबाची इतर सॉफ्टवेअर चालवणारे विंडोज सर्व्हरही पुष्कळ आहेत. त्यांच्या सिस्टम लॉगमध्ये चार-पाच आकडे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ कळतं : ६००५ म्हणजे लॉगची सेवा सुरू झाली, ६००६ म्हणजे ती नीट थांबली, १०७४ म्हणजे कुणी किंवा कोणत्या प्रोग्रॅमने शटडाउन करायला लावलं त्याच्या नावासह, ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं, आणि कर्नल-पॉवरचा ४१ म्हणजे नीट शटडाउन न होताच यंत्र पुन्हा सुरू झालं. लाइट गेली होती असं कुणी सांगत असेल आणि लॉगमध्ये १०७४ व ६००६ दिसत असतील, तर पुढे आणखी विचारपूस करायला हवी. लिनक्सवर हाच पडताळा ‘लास्ट’ला ‘-एक्स’ जोडून आणि ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ने मागच्या बूटची शेवटची ओळ पाहून होतो. नीट बंद झालेल्या यंत्रात शेवटी सहसा जर्नलडीची ‘जर्नल स्टॉप्ड’ ही ओळ असते. ओळी मध्येच तुटल्या असतील, तर वीज तोडली गेली किंवा यंत्र कोसळलं.

चाचणी घ्यायचीच

रविवारची दुपार निवडा, बॅकअप घ्या, संबंधितांना कळवा. ‘लॉगर’ कमांडने ‘चाचणी अ, शटडाउनपूर्वी’ अशी ओळ टाका आणि ती दोन्हीकडे दिसते का पाहा. मग लॉग-सर्व्हरची केबल काढा, ‘चाचणी आ’ टाका, मुख्य सर्व्हर रीबूट करा, पाच मिनिटांनी केबल लावा. ‘चाचणी आ’ आणि त्या शटडाउनच्या ओळी काही वेळात लॉग-सर्व्हरवर उमटायला हव्यात. त्यानंतर यूपीएसचा भिंतीवरचा प्लग काढून बॅटरीवर यंत्र आपोआप बंद होऊ द्या. किती मिनिटं लागली आणि शेवटची ओळ कोणती ते लिहून ठेवा. सगळ्यात शेवटी, आणि फक्त चाचणीसाठी ठेवलेल्या यंत्रावर, ‘सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये ‘सी’ लिहून कर्नल मुद्दाम पाडा आणि नेटकॉन्सोल व पीस्टोरने काय पकडलं ते पाहा. महत्त्वाच्या डेटाबेसच्या यंत्रावर ही शेवटची पायरी कधीही करू नका.

मोठ्या खंडानंतर वीज आली की सगळी यंत्रं एकदम उठतात आणि लॉग-सर्व्हर बहुधा उशिरा तयार होतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर किती वेळाने सुरू व्हायचं याची सेटिंग असेल, तर लॉग-सर्व्हरला शून्य आणि इतरांना दोन-तीन मिनिटं द्या. ही सगळी चाचणी एप्रिलमध्ये, उन्हाळा तापण्याआधी एकदा घ्यावी, आणि कर्नल, सिस्टमडी किंवा यूपीएसची बॅटरी बदलली की पुन्हा. मोजलेली मिनिटं कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. रात्री फोन आल्यावर पहिल्यांदा तोच कागद लागतो.